धुळीचा संसार – लेखांक नववा : फिरत्या कुंचल्याचा अधिकार

पिशवीचे यंत्र घ्यावे की बिनपिशवीचे, या वादाचा फैसला या आठवड्यात करण्याचे मी कबूल केले होते. परंतु दरम्यान न्यू जर्सीतील एका वाचक भगिनींचे पत्र हाती आले आणि त्यांनी विचारलेला प्रश्न इतका मूलगामी निघाला की, त्याचा निकाल लावल्यावाचून पिशवीच्या मामल्याला हात घालणे मला प्रशस्त वाटेना. तो मामला तूर्त तहकूब.

त्यांची सदनिका भाड्याची आहे. भिंतीपासून भिंतीपर्यंत कार्पेट चिकटवलेले. ते काढण्याची मुभा घरमालक देत नाही आणि घरात रांगते मूल आहे. पुण्यास माहेरी जे व्हॅक्यूम क्लीनर आहे त्यावर वॅटचा आकडा ठळक छापलेला, तर तिकडच्या दुकानांतील खोक्यांवर अँपिअरचा. तेव्हा ‘किती शक्तीचे यंत्र घेऊ?’ अशी त्यांची पृच्छा आहे.

हिशेब सोपा आहे. अमेरिकेत घरगुती विजेचा दाब १२० व्होल्ट. त्यामुळे १२ अँपिअरचे यंत्र म्हणजे १४४० वॅटचे यंत्र. तेथील सामान्य जोडणी १५ अँपिअरची असल्याने बहुतेक कारखानदार बाराच्या आसपास थांबतात, म्हणून निरनिराळ्या खोक्यांवरील आकडे जवळजवळ सारखेच दिसतात. परंतु हा आकडा यंत्र मीटरमधून किती वीज खाते तेवढेच सांगतो. ते जमिनीवरून किती धूळ उचलते याविषयी तो मूक आहे. युरोपीय संघाने २०१४ च्या सप्टेंबरात १६०० वॅट वा त्याहून अधिक खाणाऱ्या यंत्रांना आणि २०१७ च्या सप्टेंबरात ९०० वॅट वा त्याहून अधिक खाणाऱ्या यंत्रांना नव्याने बाजारात येण्यास मनाई केली, तेव्हा आता घरे अस्वच्छ राहणार अशी पुष्कळांनी ओरड केली. पण त्याच कायद्याने धूळ उचलण्याचे किमान प्रमाणही मुक्रर केले होते, आणि निम्मी वीज खाणारी यंत्रे त्या कसोटीस उतरली. ते प्रमाण प्रत्येक वाचकाने ध्यानात ठेवावे असे आहे: कठीण फरशीवर निदान ९८ टक्के, गालिच्यावर मात्र ७५. ज्यांनी हा नियम लिहिला त्यांना पुरते ठाऊक होते की, गालिचा हा धुळीचा किल्ला आहे आणि तेथे शंभरात पाऊणशे हस्तगत झाले तरी पुष्कळ.

असे का होते, हे पाहावयाचे तर कार्पेटचा एखादा कोपरा दोन बोटांनी दुभंगून पाहावा. वरून मऊ भासणारे ते केस म्हणजे पीळ घातलेल्या धाग्यांचे झुबके असून ते खालच्या जाड वस्त्रात घट्ट रोवलेले असतात. केसांच्या शेंड्यांवर कापसाचे तंतू, पोळीचा चुरा, कागदाचे कपटे असा हलका माल असतो व तो कोणतेही यंत्र उचलते. पादत्राणांबरोबर आलेली बारीक रेती मात्र प्रत्येक पावलागणिक खाली दाबली जाऊन झुबक्यांच्या मुळाशी जाऊन बसते. तिच्या कणांना धारदार कडा असतात, आणि वरून माणसे वावरली की त्या कडा धाग्यांवर घासतात. दारापाशी व सोफ्यासमोर कार्पेट साफ करूनही निस्तेज दिसते, त्याचे एक मोठे कारण ही मुळाशी राहिलेली रेती होय.

वाळत घातलेल्या गोधडीतील धूळ काढताना आपल्याकडे कोणी तिला पंख्याने वारा घालीत बसत नाही. काठीने झोडपतात, धूळ सुटी होते, आणि मग वारा ती वाहून नेतो. जमिनीस चिकटवलेले कार्पेट अंगणात नेता येत नाही; म्हणून झोडपण्याची काठीच यंत्राच्या तोंडात बसवावी लागते, आणि ती काठी म्हणजे आडव्या दांडीवर राठ केस बसवलेला, वेगाने फिरणारा कुंचला. हवा वाहून नेण्याचे काम करते. सुटे करण्याचे काम कुंचल्याचे.

दुकानात नळीच्या तोंडाशी जड गोळा चिकटवून शोषणाचे सामर्थ्य दाखविण्याची रीत आहे, तिचाही येथे विचार केला पाहिजे. नळीचे तोंड पूर्ण बंद झाले की आतील ओढ कमाल होते हे खरे, परंतु त्याच क्षणी हवेचा प्रवाह शून्य होतो. आणि धूळ वाहते ती प्रवाहाबरोबर. गोळा उचलणारे यंत्र गोळा उचलते, एवढेच त्यातून सिद्ध होते.

या शास्त्राचा इतिहासही हीच साक्ष देतो. लंडनच्या ह्यूबर्ट सेसिल बूथ या अभियंत्याने १९०१ साली, हवा फुंकून धूळ उडविणारे एक यंत्र पाहिल्यानंतर, उपाहारगृहातील मखमली खुर्चीवर रुमाल ठेवून तोंडाने हवा ओढली आणि रुमालावर उमटलेला मळ पाहून शोषणाचे तत्त्व निश्चित केले. त्याचे अवाढव्य यंत्र घोडे ओढून नेत. ते रस्त्यावर उभे राही आणि त्याच्या लांब नळ्या खिडक्यांतून आत जात. सातव्या एडवर्डच्या राज्याभिषेकापूर्वी वेस्टमिन्स्टर ॲबीतील गालिचे त्यानेच साफ केले. तथापि माझ्या मनात अधिक आदर आहे तो ओहायो प्रांतातील कँटन गावच्या जेम्स मरे स्पँगलरविषयी. एका दुकानात झाडलोट करणारा हा दम्याने पीडलेला मनुष्य; गालिचे झाडताना उडणारी धूळ त्याच्याच छातीत जाई. त्याने पंख्याची मोटर, झाडूचा दांडा आणि उशीचा अभ्रा एकत्र जोडून यंत्र केले, आणि त्याच्या तोंडाशी फिरता कुंचला बसविला. २ जून १९०८ रोजी त्याला पेटंट मिळाले. ते हक्क चामड्याच्या मालाचा व्यापार करणाऱ्या विल्यम हूवरने घेतले, आणि १९२६ साली त्याच्या कंपनीने कुंचल्यात गालिच्यावर आघात करणाऱ्या धातूच्या पट्ट्या बसवून तेच तत्त्व आणखी पुढे नेले. शोषणाचे श्रेय बूथला खुशाल द्यावे. परंतु गालिच्याचे यंत्र निर्माण केले ते स्पँगलरने, आणि तेही ज्याला रोज गालिचा झाडावा लागे अशा माणसाने, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते.

आता निवडीचा तपशील. कुंचल्याला स्वतंत्र मोटर किंवा पट्ट्याने मिळणारी गती असावी. नुसत्या हवेच्या झोताने फिरणारा कुंचला दाट कार्पेटमध्ये मंदावतो, म्हणजे नेमका गरजेच्या वेळी. धाग्यांचे शेंडे कापलेले असतील तर कुंचला निःशंक फिरवावा. कार्पेट अखंड फासांच्या विणीचे असेल तर एखादा सैल फास कुंचल्यात अडकून धागा उसवत जाण्याची भीती असते, तेव्हा कुंचला बंद करण्याची कळ आणि उंची कमी-जास्त करण्याची सोय असल्याची खात्री करून घ्यावी. केस फार लांब व मऊ असतील तर यंत्राचे तोंड जमिनीला चिकटून बसते व ढकलवत नाही. त्यासाठी हवेला वाट देणारी झडप हवी. चालविताना घाई करू नये; संथ गतीने, एकदा केसांच्या ओघाने व एकदा ओघाविरुद्ध न्यावे.

यंत्र घरात आल्यावर त्याची देखरेखही ठेवावी. आपल्या घरांतील लांब केस कुंचल्यावर घट्ट गुंडाळले जातात आणि त्याचे राठ केस त्याखाली दबून जातात. महिन्यातून एकदा प्लग काढून यंत्र उलटे करावे व गुंतलेले केस कात्रीने कापून काढावेत. पट्टा तुटला तरी मोटरचा आवाज पूर्ववत येत राहतो, म्हणून कित्येक घरांत कुंचला थांबलेला असूनही यंत्र महिनोन्‌महिने फिरवले जाते. तेव्हा केस काढतानाच पट्टाही तपासावा.

पुढील आठवड्यात पिशवीचा वाद निश्चित घेईन. युरोपातील यंत्रांच्या ऊर्जालेबलाचा नियम तेथील न्यायालयाने ८ नोव्हेंबर २०१८ रोजी रद्द ठरविला, कारण यंत्रांची परीक्षा रिकाम्या पिशवीने व रिकाम्या डब्यानेच घेतली जात होती. त्या खटल्यापासूनच आरंभ करू. न्यू जर्सीच्या भगिनींना तूर्त माझे एवढेच सांगणे: अँपिअरचा आकडा वाचण्यापूर्वी दुकानदारास यंत्र उलटे करावयास सांगा, कुंचला पाहा, तो कशाने फिरतो ते विचारा, आणि या प्रश्नाचे नीट उत्तर मिळाल्याखेरीज पैसे देऊ नका.