छत्रविहार आणि ग्रामदर्शन

अमेरिकेंत स्थायिक झालेल्या मुलांकडे सहा-सहा महिने जाऊन राहणारे आईबाप आतां आपल्या समाजांत घरोघरीं आढळतात. तिकडील हिंवाळा कडक झाला कीं चिरंजीव आठवडाभराची रजा काढून सर्व मंडळींना कॅरिबियन समुद्रांतील एखाद्या बेटावर घेऊन जातात. परत आल्यावर शेजाऱ्यांनीं "काय काय पाहिलेंत?" असें विचारलें म्हणजे "समुद्र पाहिला, वाळू पाहिली, खाण्यापिण्याची चंगळ होती," यापलीकडे फारसें सांगतां येत नाहीं. दोष त्यांचा नव्हे. तेथील मोठमोठीं विश्रामगृहें अशा युक्तीनें बांधलेलीं असतात कीं पाहुण्यास कुंपणाबाहेर पाऊल टाकण्याची इच्छाच होऊं नये. पुंता काना येथें आम्हीं जो एक दिवस निराळ्या रीतीनें घालविला, त्यावरून माझें असें मत झालें आहे कीं, आठवड्यांतील निदान एक दिवस दोन गोष्टींसाठीं राखून ठेवावा. सकाळीं समुद्रावरून आकाशांत एक फेरी, आणि तेथूनच पुढें खेड्यापाड्यांत. हीं दोन्ही एकमेकांवांचून अपुरीं आहेत.

आकाशांतील फेरीस पॅरासेलिंग म्हणतात. मालवण, तारकर्ली, गोवा येथेंहि हा शब्द आतां किनाऱ्यावरच्या पोरासोरांच्या तोंडीं बसला आहे. मी आपल्यापुरता त्यास छत्रविहार म्हणतों.

पुंता काना हें डोमिनिकन प्रजासत्ताकाचें अगदीं पूर्वेकडील टोंक. हिस्पानिओला बेटाचा पूर्वेकडील मोठा भाग या प्रजासत्ताकाचा, पश्चिमेकडील हैतीचा. कोलंबस या बेटास डिसेंबर १४९२ मध्यें लागला. टोंकाच्या नांवांतील 'काना' म्हणजे पंख्यासारख्या पानांचा एक ताड. त्याच्या झावळ्यांनीं तेथील लोक घरें शाकारतात, आणि विमानतळाचें छप्परहि त्यांनींच शाकारलेलें पाहून मला कोंकणांतील मांडवाची आठवण झाली. १९६९ मध्यें कांहीं गुंतवणूकदारांनीं येथील जमीन विकत घेतली तेव्हां येथें रान आणि निर्जन किनारा यांखेरीज कांहीं नव्हतें. भाषा स्पॅनिश. अमेरिकेचा चालू व्हिसा असलेल्या भारतीयास वेगळा व्हिसा लागत नाहीं. तथापि असले नियम बदलतात, म्हणून निघण्यापूर्वीं चौकशी करावी.

छत्रविहाराची युक्ति फार जुनी नाहीं. पिएर-मार्सेल लम्वान्य नांवाच्या फ्रेंच गृहस्थानें १९६१ मध्यें ओढलें असतां वर चढणारें हवाई छत्र तयार केलें. विमानांतून उडी न मारतां छत्रीचा सराव व्हावा हा त्यांतला मूळ हेतु. करमणूक मागाहून आली. पतंगाची दोरी धरून मूल वाऱ्याच्या तोंडावर धांवतें, तेंच काम येथें नौका करते. छत्राच्या कापडास जागोजागीं फटी असतात. त्यांतून वारा ठराविक दिशेनें निसटतो आणि छत्र वर उचललें जातें. पूर्वीं माणसास वाळूवरून धांवत सुटावें लागे, उतरतांना पाण्यांत पडावें लागे. आतां नौकेच्या मागील अंगास सपाट फळी असते आणि तिच्यापुढें यंत्रावर चालणारा रहाट. रहाटावरील दोर सैल सोडला कीं माणूस फळीवरून बसल्या जागीं वर जातो, गुंडाळला कीं त्याच फळीवर परत येतो. धांवणें नाहीं, उडी नाहीं. त्यामुळें साठीच्या माणसासहि, हृदय आणि पाठ धड असल्यास, हें सहज साधतें.

तथापि हा खेळ सर्वस्वीं वाऱ्याच्या आणि दोराच्या स्वाधीन आहे, हें विसरून चालत नाहीं. या खेळांत माणसें दगावलीं आहेत. वारा अतोनात वाढला म्हणजे छत्र नौकेस जुमानीत नाहीं, मग जुना दोर तुटतो. आणि दोरास जेथें गांठ असते तेथें त्याची शक्ति बरीच उणावते. फ्लोरिडा राज्यानें २०१४ मध्यें याविषयीं कायदा केला. वारा ताशीं वीस मैलांहून अधिक वेगानें सतत वाहत असेल, किंवा सात मैलांच्या आंत विजांचें वादळ असल्याचें कळलें असेल, तर तेथें कोणासहि वर सोडतां येत नाहीं. प्रत्येक देशांत असा कायदा असतोच असें नाहीं, परंतु हेच दोन प्रश्न आपण कोणत्याहि किनाऱ्यावर नावाड्यास विचारूं शकतों. वारा किती आहे, आणि दोर कधीं बदलला? जो नावाडी या प्रश्नांनीं चिडतो त्याच्या नौकेंत बसूं नये, मग पैसे परत मिळोत वा न मिळोत.

वेळ सकाळची घ्यावी. त्या टोंकावर पूर्वेकडून व्यापारी वारे वाहत असतात. दुपार चढते तसा त्यांचा जोर वाढतो, आणि उन्हाळ्यांत दुपारनंतर सरीहि येतात. न्याहारी बेताची करावी. साडी नेसून वर जाणें शक्य नाहीं हें भगिनींनीं आधींच जाणून असावें, कारण खांद्यामांड्यांभोवतीं पट्टे आवळावे लागतात. दोघांना एकाच दांडीखालीं शेजारीं शेजारीं बसवितात व तत्पूर्वीं वजन विचारतात. तें खरें सांगावें, येथें लाजूं नये.

आम्ही उभयतां एकदमच वर गेलों. चारदोन क्षणांतच नौकेच्या यंत्राची घरघर खालीं राहिली आणि अशी शांतता पसरली कीं छत्राचें कापड फडफडलेलें तेवढें ऐकूं येई. शंभर मीटरांच्या आसपास उंचीवरून समुद्राचा जो नकाशा दिसतो तो किनाऱ्यावरून कधींच दिसावयाचा नाहीं. दूर एक पांढरी फेंसाळ रेघ. ती प्रवाळाची रांग. तिच्यापलीकडे अटलांटिक महासागर गडद निळा, अलीकडे पाणी कच्च्या कैरीसारखें फिकट हिरवें. मधून मधून पाण्यावर तपकिरी पट्टे होते. तें सारगासो नांवाचें तरंगतें शेवाळ. २०११ पासून कॅरिबियन किनाऱ्यांवर तें अमाप येऊं लागलें आहे, आणि तें अडविण्यासाठीं विश्रामगृहवाल्यांनीं पाण्यांत तरंगते बांध घातलेले वरून स्पष्ट दिसतात. त्यांच्या जाहिरातींत मात्र हें शेवाळ औषधालाहि सांपडत नाहीं.

मग छत्र वळलें आणि जमीन समोर आली. वाळूची रेघ, तिच्या पाठीशीं इमारतींची एक अरुंद पट्टी, आणि त्या पट्टीमागें लगेच दूरवर पसरलेला हिरवा मुलूख. सौभाग्यवती म्हणाल्या, "अहो, आपण चार दिवस त्या एवढ्याशा चिंधोटींत राहिलों? आणि मागें तिकडे कोण राहतें?"

दहा-बारा मिनिटांत रहाटानें आम्हांला खालीं ओढून घेतलें. पण प्रश्न पडला होता, आणि त्याचें उत्तर पुढच्या चार-पांच तासांत मिळावयाचें होतें. रघुवंशाच्या तेराव्या सर्गांत कालिदासानें पुष्पक विमानांतून सीतेस आधीं समुद्र दाखविला आहे, मग जनस्थान, पंचवटी, गोदावरी असें करीत अयोध्येपर्यंतची भूमि. क्रम तोच बरा. उलट केल्यास खेड्यांत उन्हांतान्हांत दमलेलीं माणसें वर जातात आणि डोळे मिटून घेतात.

किनाऱ्यावरूनच उघडी मालमोटार घेऊन जाते. बाकें बसवून वर छत घातलेलें असतें. धूळ पुष्कळ, म्हणून डोक्यास रुमाल बांधावा. इग्वेय हें या प्रांताचें मुख्य शहर. तेथील आल्ताग्रासिया मातेचें मंदिर १९७१ मध्यें पुरें झालें, आणि दर वर्षीं २१ जानेवारीस तेथें देशभरांतून यात्रेकरू लोटतात. आमची गाडी त्याच्या अलीकडेच एका वाडीवर थांबली. फळ्यांचें रंगविलेलें घर, ताडाच्या झावळ्यांचें छप्पर, अंगणांत कोंबड्या. कोकोचें फळ फांदीस न लागतां फणसासारखें बुंध्यास लागतें हें तेथें प्रथम पाहिलें. घरच्या बाईनें भाजलेले दाणे उखळांत कुटून दाखविले. उखळ-मुसळ हुबेहूब आपल्यासारखें. नातीनें मात्र उखळ याच ठिकाणीं पहिल्यांदा पाहिलें.

मला अधिक नवल वाटलें तें परसांतल्या कंदांचें. तेथें युका म्हणतात त्या कंदाचा कीस करून, तो पिळून, त्यांतील विषारी रस काढून टाकतात आणि तव्यावर पातळ कोरड्या भाकरी भाजतात. त्यांस कासाबे म्हणतात. त्या महिनोन् महिने टिकतात. कोलंबसापूर्वीं या बेटावर राहणाऱ्या तायनो लोकांचें हें अन्न. ते लोक स्पॅनिश अमलांत पन्नास-साठ वर्षांत रोगांनीं आणि वेठीनें बहुतेक नामशेष झाले, पण भाकरी राहिली. २०२४ मध्यें युनेस्कोनें ती जगाच्या अमूर्त वारशांत नोंदविली. आतां गंमत अशी कीं हाच कंद आपण एकादशीस खातों. आपल्या बाजारांतील साबुदाणा मुख्यतः सेलमच्या बाजूस याच कंदाच्या पिठापासून होतो. त्याच परसांत रताळीं होतीं. तायनो लोक रताळ्यास 'बटाटा' म्हणत. स्पॅनिश आणि पोर्तुगीज मुखांतून तें नांव आपल्याकडे आलें आणि येतांना दुसऱ्याच कंदास चिकटलें. शेंगदाणा आणि मिरची हींहि अमेरिका खंडाचीं. म्हणजे आमच्या आजीच्या सोंवळ्यांतील उपवासाच्या पानावरून तिकडचे पदार्थ काढून घेतले तर दूध, तूप, जिरें आणि वऱ्याचे तांदूळ एवढेंच उरेल! धर्मग्रंथ रचले गेले तेव्हां यांतला एकहि कंद या देशांत नव्हता, म्हणूनच कदाचित् त्यांवर निषेधाची दृष्टि गेली नसावी.

देवाणघेवाणीची दुसरी बाजू मात्र इतकी गमतीची नाहीं. ती ऊंसाची. ऊंसाच्या रसापासून दाणेदार साखर करण्याची विद्या भारतांतली. आपल्या 'शर्करा' शब्दाचें फारशींत 'शकर', अरबींत 'सुक्कर' आणि स्पॅनिशमध्यें 'आसूकार' झालें. कोलंबसानें १४९३ च्या दुसऱ्या सफरींत या बेटावर ऊंस नेला. तो तोडण्यास हात हवेत म्हणून आफ्रिकेंतून माणसें धरून आणलीं. १५२० नंतर एक-दोन वर्षांतच कोलंबसाच्या मुलाच्या ऊंसमळ्यांत गुलामांनीं बंड केलें, आणि तें निर्दयपणें मोडण्यांत आलें.

गाडी ऊंसाच्या फडाजवळ उभी राहिली. वाटाड्यानें एक कांडें तोडून, सोलून सर्वांस चघळावयास दिलें. ऊंस चांगला गोड होता. दूर बैलांच्या गाड्या भरीत होते. सौभाग्यवतींनीं चिरंजीवामार्फत विचारलें, "हा तोडतें कोण?" वाटाड्या म्हणाला, "हैतीचे लोक," आणि त्यानें गाडी सुरू करण्याची खूण केली.

तें उत्तर दोन शब्दांचें असलें तरी मागचा इतिहास लांबलचक आहे. पिढ्यान् पिढ्या हैतींतून मजूर येतात आणि मळ्यांतील 'बातेय' नांवाच्या वस्त्यांत राहतात. त्यांची मुलें तेथेंच जन्मतात. २०१३ मध्यें या देशाच्या घटना-न्यायालयानें निर्णय दिला कीं, १९२९ पासून कागदपत्र नसलेल्या परकीयांच्या पोटीं जन्मलेल्यांस नागरिकत्व नाहीं. एका फटक्यानें हजारों माणसें, ज्यांनीं दुसरा देश पाहिलाहि नव्हता, बिनदेशाचीं झालीं. २०१४ मध्यें कायदा करून कांहीं अंशीं दुरुस्ती झाली. प्रश्न मिटला नाहीं. सक्तीच्या मजुरीच्या कारणावरून अमेरिकेच्या जकात खात्यानें नोव्हेंबर २०२२ मध्यें येथील एका मोठ्या कंपनीची साखर अडविली, आणि २०२५ मध्यें ती अडवणूक उठविली. बीडहून कोयता घेऊन सांगली-कोल्हापूरकडे जाणारीं आपलीं कुटुंबें ज्यानें पाहिलीं आहेत, त्यास बातेय म्हणजे काय हें फार समजावून सांगावें लागत नाहीं. फरक इतकाच कीं आपल्या माणसाजवळ तो कोठला हें सांगणारा कागद तरी असतो.

कांहीं सहलींत असल्या वस्त्यांजवळ गाडी उभी करून प्रवाशांकडून मुलांस गोळ्या वाटवितात. तो प्रकार मला मुळींच आवडत नाहीं; देवळाच्या तळ्यांतील माशांना चुरमुरे टाकल्यासारखें तें दिसतें. ज्यास कांहीं द्यावयाचें असेल त्यानें वाडीवरच्या बाईकडून कोकोचे गोळे आणि कॉफी घ्यावी, आणि सहल ठरवितांना अशी वाटावाट आहे का तें विचारून, असल्यास दुसरी सहल पाहावी.

परततांना एका खेड्याच्या चौकांत मुलें खेळत होतीं. पाण्याच्या मोठ्या बाटलीचें झांकण हा चेंडू, आणि केरसुणीचा दांडा ही बॅट. त्या देशास बेसबॉलचें वेड आहे, त्याचें हें गरिबाघरचें रूप. खेळाचें नांव 'वितिया'. स्पॅनिशमध्यें लिहितांना मात्र त्यांत दोन 'ल' येतात, म्हणून नातवानें पाटीवरून तें 'विटिला' असें वाचलें. महाभारतांत कौरव-पांडवांची जी वीटा विहिरींत पडली आणि द्रोणांनीं काढून दिली, तिचा याच्याशीं कांहीं संबंध नाहीं, हें मी नातवास बजावून सांगितलें. पण त्याचें लक्ष तिकडे नव्हतेंच. तो खालीं उतरून दांड्याशीं उभा राहिला होता. मुलांनीं त्याला पाहुणा म्हणून तीन झांकणें टाकलीं. तीं अशीं वळत येत होतीं कीं तिन्ही वेळां दांडा हवेंत फिरला.