इन्स्टॉलरचे आकारमान आणि पुनरुक्तीचा शोध

संगणकावर नवा प्रोग्राम बसविण्यासाठी जी फाइल उतरवून घ्यावी लागते, तिला इन्स्टॉलर म्हणतात. ती एकदाच सिद्ध होते. उतरवून घेणारे मात्र असंख्य असतात. ज्यांची जोडणी मंद आहे किंवा ज्यांना डेटा मोजूनमापून मिळतो, त्यांच्यापर्यंत प्रोग्राम पोहोचेल की नाही, हे पुष्कळदा तिच्या आकारमानावर ठरते.

काहीही न गमावता मजकूर आवळता येतो, याचे कारण त्यातील पुनरुक्ती होय. या आवळण्याला एक मर्यादा असते, हे क्लॉड शॅनन यांनी १९४८ साली दाखविले. वारंवार येणाऱ्या चिन्हास आखूड व विरळ चिन्हास लांब संकेत देण्याची रीत डेव्हिड हफमन यांनी १९५२ साली मांडली. पुढे १९७७ साली झिव व लेम्पेल यांनी, पूर्वी आलेला अक्षरसमूह पुन्हा न लिहिता ‘इतके मागे जा, इतकी अक्षरे घ्या’ एवढाच निर्देश करण्याची पद्धत दिली. झिप फाइलींतील ‘डिफ्लेट’ पद्धतीत या दोहोंचा मिलाफ आहे.

परंतु डिफ्लेटची स्मृती ३२,७६८ बाइटांपलीकडे जात नाही आणि झिपमध्ये प्रत्येक फाइल स्वतंत्रपणे आवळली जाते. त्यामुळे दोन फाइलींतील समान भागाचा लाभ मिळत नाही. इगोर पाव्हलोव्ह यांच्या ‘सेव्हन-झिप’मध्ये अनेक फाइली सलग जोडता येतात, आणि तेथील ‘एलझेडएमए’ पद्धत कित्येक मेगाबाइट मागचेही स्मरणात ठेवते.

याहून उद्बोधक आहे ती लपलेली पुनरुक्ती. इंटेल घराण्याच्या प्रोसेसरांसाठी लिहिलेल्या प्रोग्रामांत उपप्रोग्रामास बोलाविणारी आज्ञा बहुधा त्याचे स्थान न सांगता, आज्ञेपासूनचे अंतर सांगते. उपप्रोग्राम ५००० व्या स्थानी असेल, तर १००० पासून ‘४००० पुढे’ आणि १२०० पासून ‘३८०० पुढे’ असे स्थूलमानाने लिहिले जाते. भाषेतील ‘येथून दोन कोस’ या प्रयोगासारखेच हे आहे: गाव एकच, परंतु बोलणारा हलला की शब्द बदलतात. म्हणून आवळण्यापूर्वी अशी अंतरे स्थानांत बदलतात. दोन्ही ठिकाणी ‘५०००’ येताच पुनरुक्ती उघड होते. उलगडताना मूळ अंतरे जशीच्या तशी परत मिळतात.

मराठी मजकुराचेही असेच आहे. यूटीएफ-८ संकेतपद्धतीत देवनागरीच्या प्रत्येक चिन्हास तीन बाइट लागतात; ‘मराठी’ या शब्दातील पाच चिन्हांना पंधरा. मात्र नित्याच्या देवनागरी चिन्हांत पहिला बाइट सदैव एकच आणि दुसरा दोहोंपैकी एक असतो. खरी माहिती बव्हंशी तिसऱ्यातच असते. साहजिकच हा वरवरचा फुगवटा आवळताना पुष्कळसा नाहीसा होतो, आणि मराठी भाषांतराने इन्स्टॉलर अवजड होईल हा आक्षेप फारसा टिकत नाही.

या उपायांनाही मर्यादा आहेत. जेपेग चित्रे आधीच आवळलेली असल्याने ती आणखी फारशी लहान होत नाहीत. दीर्घ स्मृतीची पद्धत वापरल्यास उलगडणाऱ्या संगणकासही जवळजवळ तेवढी स्मृती राखावी लागते. जुन्या यंत्रावर तोच अडथळा ठरू शकतो. आवळण्यास लागणारा अधिक वेळ मात्र निर्मात्याने एकदाच सोसायचा असतो, आणि त्यातून होणारी बचत प्रत्येक उतरवणाऱ्याच्या पदरी पडते. हा हिशेब लक्षात घेता तो वेळ देणे निर्मात्याचे कर्तव्यच ठरते.