हाताच्या खुणांचा हिशेब

भाचीनं मुखपृष्ठाची छापील नमुनाप्रत समोर ठेवली आणि मी नकळत चित्रावरून बोट फिरवलं. करंजाचा धक्का, ओहोटीला कलंडलेली होडी, मागे द्रोणागिरीचा डोंगर. कागद गुळगुळीतच होता, पण डोळ्यांना रंगाचे थर दिसत होते. ब्रशचे केस कुठे फाकले तेही दिसत होतं.

‘कुणाकडून रंगवून घेतलंस?’ मी विचारलं.

‘मीच काढलं, मामा. कॉम्प्युटरवर.’

‘खर्च किती?’ बँकेत हयात गेलेल्या माणसाचा हा दुसरा प्रश्न ठरलेलाच.

‘पाटीचे तीन हजार. बाकी काही नाही.’

‘म्हणजे फुकटातच झालं की!’ मी म्हणालो. ती गप्प झाली. माझं काहीतरी चुकलं होतं, पण काय, ते मला कळायला आठवडा लागला.

गोष्ट अशी. माझी नवी कादंबरी घडते उरणजवळच्या करंजात. बहीण तिथे दिलेली, त्यामुळे पनवेलहून उरणची एसटी धरून त्या कोळीवाड्यात मी वर्षानुवर्षं जात आलो आहे. प्रकाशकांनी आधीच सांगून टाकलं होतं की, चित्रकाराकडून तैलरंगातलं मुखपृष्ठ करून घेणं यंदा परवडणार नाही, एखादा फोटो टाकू. पण माझं बालपण दीनानाथ दलाल आणि रघुवीर मुळगावकरांची चित्रं असलेले दिवाळी अंक चाळण्यात गेलेलं. वडिलांनी ते पत्र्याच्या ट्रंकेत जपून ठेवले होते. फोटोला मन तयार होईना. तेव्हा कॉमर्सला असलेली भाची म्हणाली, ‘मी करून बघू?’

तिचं साहित्य अगदी साधं. घरातला जुना लॅपटॉप, ‘क्रिता’ नावाची चित्रकलेची प्रणाली आणि वहीएवढी, पडदा नसलेली काळी पाटी. क्रिता या शब्दाचा स्वीडिश भाषेत अर्थ खडू. जगभरच्या हौशी आणि व्यावसायिक मंडळींनी मिळून ती घडवली आहे आणि ती कुणालाही विनामूल्य वापरता येते. फ्रान्समधले डेव्हिड रेव्हॉय २०१४ पासून आपली ‘पेपर अँड कॅरट’ ही चित्रमालिका तिच्यावरच रंगवतात. पाटीवरची लेखणी जितकी दाबावी तितकी रेघ जाड किंवा गडद होते. मात्र हात पाटीवर आणि नजर लॅपटॉपच्या पडद्यावर ठेवायची. ती सवय व्हायलाच तिला महिना लागला.

पहिलं चित्र तिनं मला दाखवलं तेव्हा मी ‘छान’ म्हणालो, पण ते छान नव्हतं. आकाश फवाऱ्यानं मारल्यासारखं, होडी नव्या कोऱ्या प्लॅस्टिकच्या खेळण्यासारखी. तिलाही ते कळत होतं. महागडे ब्रश विकत घ्यावे लागतील, असं तिच्या मैत्रिणीनं सुचवलं. त्याऐवजी तिच्या आईनं तिला धक्क्यावरच्या पेंटरकाकांकडे पाठवलं.

पेंटरकाका होड्या रंगवतात. पावसाळ्यात मासेमारी बंद असते तेव्हा होड्या किनाऱ्यावर ओढलेल्या असतात आणि नारळी पौर्णिमेच्या आत त्यांना नवा रंग चढवायचा असतो. काकांनी तिला शिकवलं असं काही नाही. तिनं चार दिवस नुसतं पाहिलं. आधी सगळीकडे तांबूस अस्तर. मग मोठ्या ब्रशनं मोठे भाग. रंगाचे डबे तीन-चारच, बाकीच्या छटा झाकणावर कालवून. बारीक ब्रश हातात यायचा तो शेवटी, नाळेवरचं नाव लिहायला. प्रत्येक अक्षर एका दमात. चुकलं तर पुसत बसायचं नाही, पुढच्या अक्षरात सांभाळून घ्यायचं.

घरी येऊन तिनं तेच पडद्यावर केलं. पांढऱ्या पडद्यावर सुरुवात न करता आधी तांबूस तपकिरी रंग भरला आणि चित्र पुरं झाल्यावरही तो मधूनमधून डोकावू दिला. शेकडो ब्रशांतले तीनच ठेवले. एक रुंद आणि राठ, एक ओले रंग एकमेकांत ओढणारा, एक बारीक. रंग पाचच. फवाऱ्याचा ब्रश बंद. चित्र मोठं करकरून कोपरे घासणं बंद, कारण हातानं रंगवणारा माणूस अशी सगळीकडे सारखी सफाई करत नाही. डोंगराची कड एके ठिकाणी धारदार, तर दुसरीकडे आभाळात विरलेली. शिवाय केलेलं मागे घ्यायची जी कळ असते, ती दिवसातून पाचदाच वापरायची असा तिनं नियम केला. शेवटी जाड हातकागदाचा तुकडा स्कॅन करून त्याचा पोत चित्रावर हलकेच पसरला.

छपाईचं गणितही तिला शिकावं लागलं. साडेपाच बाय साडेआठ इंचाच्या मुखपृष्ठाला इंचाला तीनशे ठिपके धरले, तर चित्र निदान १६५० बाय २५५० ठिपक्यांचं लागतं. शिवाय पडद्यावरचा रंग प्रकाशाचा असतो आणि कागदावरचा शाईचा. पडद्यावर झगमगणारा खाडीचा हिरवा रंग पहिल्या नमुन्यात शेवाळासारखा उतरला आणि तो भाग पुन्हा रंगवावा लागला.

हे ऐकताना मला राजा रविवर्मा आठवले. स्वस्तात हातची कळा आणण्याची ही धडपड काही कॉम्प्युटरनं सुरू केलेली नाही. रविवर्म्यांची तैलचित्रं संस्थानिकांच्या महालात टांगली जात. १८९४ साली त्यांनी मुंबईत छापखाना काढला. पुढे तो लोणावळ्याजवळ मळवलीला गेला. प्रत्येक रंगासाठी वेगळा दगड तयार करायचा आणि त्यावर रंग एकावर एक छापायचे. काही चित्रांना वर चकाकी देत, कॅनव्हाससारखा पोतही उठवत. लक्ष्मी-सरस्वती घरोघर पोचल्या त्या अशा. छापखाना मात्र कर्जात बुडाला आणि श्लायशर या जर्मन तंत्रज्ञाला विकावा लागला. याचं दुसरं टोक २०१७ सालच्या ‘लव्हिंग व्हिन्सेंट’ या चित्रपटाचं. त्यात सव्वाशे चित्रकारांनी सुमारे ६५,००० चौकटी खरोखरच तैलरंगात रंगवल्या. दोन्हीकडे हात होताच. कुणी दगडावर रंग वेगळे काढत होतं, कुणी कॅनव्हासवर.

आता माझ्या ‘फुकटा’बद्दल. २००४ साली मी एका शाखेत अधिकारी होतो. फ्लेक्स छपाईच्या यंत्रासाठी एका तरुणानं कर्ज मागितलं. त्याच्या प्रकल्प अहवालात एक ओळ होती, ‘रंगाऱ्याच्या मजुरीची बचत’. मी त्या ओळीवर टिकमार्क केला आणि शिफारस लिहिली. कर्ज वेळेवर फिटलं आणि मला शाबासकी मिळाली. त्याच सुमारास पेंटरकाकांची दुकानांच्या पाट्यांची कामं संपली, होड्या तेवढ्या उरल्या. ती माझ्या सहीनंच संपली असं नाही. फ्लेक्स येणारच होता, आणि त्या तरुणाचंही पोट होतं. पण त्या अहवालात हाताच्या वेळेची किंमत केवळ ‘बचत’ म्हणून आली होती. वीस वर्षांनी भाचीपुढे मी तोच हिशेब पुन्हा केला. तिनं सहा आठवडे रोज रात्री दीड-दोन तास दिले होते. म्हणजे सत्तर तास आरामात झाले, आणि माझ्या वहीत त्यांच्यापुढे शून्य होतं.

प्रकाशकांना मी फोन केला. त्यांनी अर्धी रक्कम द्यायचं कबूल केलं, अर्धी माझ्या मानधनातून वळती करायला सांगितली. भाचीनं आढेवेढे घेतले. मी म्हटलं, ‘अगं, प्रणाली फुकट आहे, तू नाहीस.’

मग दोघं मिळून पेंटरकाकांना चित्र दाखवायला गेलो. त्यांनी चष्मा चढवून बराच वेळ पाहिलं. आम्ही कौतुकाची वाट बघत होतो.

‘होरीला नाव नाय काय?’ ते म्हणाले.

खरंच नव्हतं. त्यांनी भाचीच्या वहीतला एक कागद मागून घेतला, डब्यात ब्रश बुडवला आणि एका दमात नाव लिहिलं. तिनं तो कागद स्कॅन करून नाळेवर बसवला. कादंबरीच्या आतल्या पानावर आता दोन ओळी आहेत, मुखपृष्ठ कुणाचं आणि अक्षरं कुणाची. काकांना पैसे दिले तेव्हा त्यांनी ते मोजले आणि त्यातली एक नोट परत केली. म्हणाले, एका नावाला एवढे होत नाहीत.