दुखणं थांबतं… पण श्वासही!

फेब्रुवारी २०२५ मध्ये पालघरच्या एका औषध कारखान्यावर छापा पडला आणि ‘टॅपेंटॅडॉल’ हे नाव पेपरात झळकलं. बातमी बीबीसीने फोडली होती. इथे बनलेल्या गोळ्या घाना, नायजेरिया, आयव्हरी कोस्टच्या रस्त्यांवर नशेसाठी विकल्या जात होत्या. एकाच गोळीत दोन औषधं! टॅपेंटॅडॉल हे अफूच्या जातकुळीतलं जबर वेदनाशामक आणि कॅरिसोप्रोडॉल हे स्नायू सैल करणारं, गुंगी आणणारं. दोघांना भारतात वेगवेगळी मान्यता होती, जोडीला नव्हती. छाप्याच्या सुमारास केंद्रीय औषध नियंत्रकांनी या जोडीच्या उत्पादनाच्या आणि निर्यातीच्या परवानग्या मागे घ्यायला लावल्या.

आफ्रिका लांब राहिली, तामिळनाडूतही टॅपेंटॅडॉलच्या गोळ्या नशेसाठी विकणाऱ्यांना पोलिसांनी वारंवार पकडलं आहे. पण हा प्रश्न फक्त नशेबाजांचा आहे का?

श्वास घ्यायची आठवण आपल्याला कुणी करून द्यावी लागत नाही. मेंदूच्या देठात त्यासाठी एक पहारेकरी बसलेला असतो. रक्तात कार्बन डायऑक्साइड वाढला की तो छातीला हलवतो. अफूवर्गीय औषध या पहारेकऱ्यालाच पेंग आणतं. दारू, झोपेची गोळी वेगळ्या वाटेने येतात, पण झोपवतात त्यालाच. एकट्याने निभावलं असतं असा डोस जोडीने घेतला की जीवघेणा ठरतो. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१६ मध्ये अशा औषधांवर चौकटीतला सर्वांत कडक इशारा छापायला लावला, तो याचसाठी.

आता घरातला औषधांचा डबा उघडून पाहा. कंबरदुखीसाठी हाडांच्या डॉक्टरांनी दिलेलं ट्रामाडॉल. झोपेसाठी वर्षानुवर्षं चालू असलेलं अल्प्राझोलाम. नसांच्या दुखण्यावर प्रीगॅबालिन. सर्दीची गुंगी आणणारी गोळी तर केमिस्टकडून न विचारताच आणलेली. आणि रात्री ‘थोडीशीच’! तीन डॉक्टर, तीन कागद. एकाचा दुसऱ्याला पत्ता नाही. त्यात वय साठीपलीकडचं, दमा किंवा झोपेत श्वास अडकण्याची सवय असेल, तर धोका आणखी वाढतो. म्हणून सगळी पाकिटं एका पिशवीत घालून डॉक्टरांपुढे ठेवावीत आणि पिण्याचंही खरं सांगावं. लाजेपोटी नेमकं तेच लपवलं जातं. मात्र घाबरून झोपेची जुनी गोळी एकदम बंद करू नये. त्याने झटके येऊ शकतात.

माणूस हलवूनही उठत नाही, श्वास संथ किंवा तुटक चालतो, घशातून घरघर येते, ओठ निळसर पडतात, बाहुल्या टाचणीच्या डोक्याएवढ्या होतात. घरचे म्हणतात, ‘गाढ झोपलेत, घोरू द्या.’ इथेच घात होतो. लगेच १०८ ला फोन करावा, कुशीवर वळवावं, मिठाचं पाणी किंवा कॉफी पाजू नये. श्वास थांबलाच, तर फोनवर सांगतील तसा कृत्रिम श्वास द्यावा आणि छाती दाबावी. रिकामी पाकिटं बरोबर न्यावीत. इस्पितळात नॅलॉक्सोनचं इंजेक्शन अफूवर्गीय औषधाचा असर उतरवतं, पण दारूवर आणि झोपेच्या गोळीवर ते चालत नाही. शिवाय नॅलॉक्सोनचा जोर लवकर ओसरतो. म्हणून शुद्धीवर आलेला रुग्ण ‘आता बरं वाटतंय’ म्हणून घरी जायला निघाला, तरी डॉक्टर त्याला काही तास सोडत नाहीत.