व्हॅक्युम (पोस्टग्रेस्क्यूएल)

व्हॅक्युम ही पोस्टग्रेस्क्यूएल या मुक्त-स्रोत संबंधात्मक डेटाबेस प्रणालीतील देखभालीची प्रक्रिया आहे. तक्त्यांतील निकामी ओळींची जागा पुन्हा वापरण्याजोगी करणे आणि व्यवहार क्रमांक संपण्याचा धोका टाळणे ही तिची दोन प्रमुख कामे होत. ती दीर्घकाळ न झाल्यास डेटाबेस फुगतो, मंदावतो आणि अखेरीस नवीन नोंदी स्वीकारणे थांबवतो.

इतिहास

पोस्टग्रेस हा मूळ प्रकल्प मायकेल स्टोनब्रेकर यांच्या नेतृत्वाखाली १९८६ मध्ये बर्कली येथील कॅलिफोर्निया विद्यापीठात सुरू झाला. त्याच्या रचनेत जुनी माहिती खोडली जात नसे. बदल झाल्यास नवी प्रत लिहिली जाई आणि जुन्या प्रती वेगळ्या संग्रहात हलवण्याचे काम एक स्वतंत्र प्रक्रिया करीत असे. व्हॅक्युम हे नाव त्या प्रक्रियेवरून आले आहे.

कार्यपद्धती

आजही पोस्टग्रेस्क्यूएलमध्ये ओळ जागच्या जागी बदलली जात नाही. एखाद्या खात्यातील शिल्लक पाच वेळा बदलल्यास पाच जुन्या प्रती तयार होतात. या पद्धतीमुळे वाचणाऱ्याला लिहिणाऱ्यासाठी थांबावे लागत नाही. परंतु कोणत्याही चालू व्यवहाराला नको असलेल्या प्रती डिस्कवर साचत जातात. व्हॅक्युम अशा प्रती आणि त्यांच्या इंडेक्समधील नोंदी काढून टाकतो. मोकळी झालेली जागा बहुतांशी त्याच तक्त्याकडे राहते, त्यामुळे फाइलचा आकार सहसा घटत नाही.

‘व्हॅक्युम फुल’ हा आदेश संपूर्ण तक्ता नव्याने लिहितो व जागा संगणकाला परत देतो. मात्र तेवढा वेळ तो तक्ता वाचण्यासाठीही बंद राहतो आणि नव्या प्रतीसाठी डिस्कवर अतिरिक्त जागा लागते.

व्यवहार क्रमांकांची मर्यादा

माहिती बदलणाऱ्या प्रत्येक व्यवहाराला ३२ बिटांचा क्रमांक मिळतो. असे सुमारे ४२९ कोटी क्रमांक असून ते चक्राकार वापरले जातात. कोणत्याही क्षणी त्यांतील निम्मे भूतकाळातील, तर निम्मे भविष्यातील मानले जातात. त्यामुळे अतिशय जुनी ओळ भविष्यातील समजली जाऊन दिसेनाशी होण्याचा धोका असतो. हे टाळण्यासाठी व्हॅक्युम जुन्या ओळी ‘गोठवतो’, म्हणजे त्या सर्व व्यवहारांना कायम दृश्य असल्याची खूण करतो. आवृत्ती १४ पासून सुमारे ४ कोटी क्रमांक उरले असता प्रणाली इशारा देऊ लागते; ३० लाखांहून कमी उरल्यास नवे क्रमांक देणे थांबवते. अशा वेळी माहिती वाचता येते, पण बदलता येत नाही.

आवृत्तींनुसार सुधारणा

• ८.१ (२००५): स्वयंचलित व्हॅक्युम मूळ प्रणालीत समाविष्ट; ८.३ (२००८) पासून तो आपोआप सुरू असतो.
• ९.६ (२०१६): पूर्णपणे गोठवलेली पाने पुन्हा तपासण्याची गरज उरली नाही.
• १३ (२०२०): एकाच तक्त्याच्या अनेक इंडेक्सची समांतर सफाई.
• १४ (२०२१): क्रमांक संपत आल्यास इंडेक्सची सफाई वगळून गोठवण्याला प्राधान्य देणारी आपत्कालीन पद्धत.
• १७ (२०२४): नव्या अंतर्गत रचनेमुळे स्मृतीच्या वापरात मोठी घट.
• १८ (२०२५): स्वयंचलित व्हॅक्युम सुरू होण्यासाठी निकामी ओळींची कमाल मर्यादा, मूळ मूल्य १० कोटी.

प्रशासन

मूळ मांडणीनुसार निकामी ओळींची संख्या ५० अधिक एकूण ओळींच्या २० टक्के यापुढे गेल्यावर स्वयंचलित व्हॅक्युम सुरू होतो. १० कोटी ओळींच्या तक्त्यात त्यासाठी २ कोटींहून अधिक निकामी ओळी साचाव्या लागतात. म्हणून मोठ्या व सतत बदलणाऱ्या तक्त्यांसाठी हे प्रमाण स्वतंत्रपणे १ किंवा २ टक्क्यांपर्यंत कमी केले जाते.

स्वयंचलित व्हॅक्युममुळे डेटाबेस मंदावतो असे वाटून तो बंद करणे घातक ठरते, कारण साचलेले काम पुढे एकदम करावे लागते. व्हॅक्युम चालूनही निकामी ओळी कमी होत नसतील, तर तासन्‌तास उघडे राहिलेले व्यवहार, वापरात नसलेले रेप्लिकेशन स्लॉट आणि अर्धवट सोडलेले पूर्वतयार व्यवहार तपासावेत. यांपैकी एकही शिल्लक असेल, तर त्याला लागू शकणाऱ्या जुन्या प्रती व्हॅक्युमला काढता येत नाहीत.