मंगलदास पक्वासा आणि बालवीरांची प्रतिज्ञा

स्वातंत्र्यचळवळींतून पुढें आलेले मंगलदास पक्वासा हे मुंबई विधानपरिषदेचे अध्यक्ष (१९३७-४७) व स्वतंत्र भारतांतील मध्यप्रांत-वऱ्हाडचे पहिले गव्हर्नर म्हणून वाचकांस परिचित आहेत. बालवीर-चळवळींतील त्यांचें कार्य मात्र विस्मृतींत गेलें. त्याचा येथें निर्देश करणें आम्हांस अगत्याचें वाटतें.

हिंदुस्थानांत १९०९ मध्यें आलेलीं बालवीरपथकें युरोपीय व अँग्लो-इंडियन मुलांपुरतींच होतीं. म्हणून मालवीय, हृदयनाथ कुंझरू व श्रीराम बाजपेयी यांनीं सेवासमितीचीं पथकें उभारलीं. पुढें इंग्रजी संस्थेनें हिंदी मुलांस दार उघडलें, तरी दुफळी राहिलीच. बेडन-पॉवेलकृत मूळ प्रतिज्ञेंत ईश्वर व राजा यांच्याविषयींचें कर्तव्य सांगितलें होतें. हा राजा कोणाचा, हें आमच्या मुलांस विचारण्याची सोय नव्हती.

अखेर ७ नोव्हेंबर १९५० रोजीं 'भारत स्काउट्स अँड गाइड्स' ही एकच संस्था झाली. नेहरू, आझाद व कुंझरू यांच्यासमवेत या कामीं झटलेले दोघे तेव्हां नागपुरास होते: राज्यपालपदावर पक्वासा आणि मुख्य न्यायाधीशपदावर व्हिव्हियन बोस. प्रतिज्ञेंत राजाच्या जागीं देश आला. पालट एका शब्दाचा. परंतु स्वराज्य म्हणजे काय, हें कित्येक शाळकरी मुलांस त्या शब्दानेंच प्रथम कळलें असावें, असें आम्हांस वाटतें.