राजकारण सोडून काहीतरी गा!

कार्यक्रम जयंतीचा असो, यात्रेचा असो की शाळेच्या स्नेहसंमेलनाचा, गायक माइकपाशी पोचला की आयोजकांपैकी कोणीतरी हळूच त्याच्या कानाशी लागते, "दादा, तेवढं राजकारण सोडून काहीतरी गा." सांगणाऱ्याच्या मनात वाईट काही नसते. समोर सगळ्या पक्षांची माणसे बसलेली, वर्गणी सगळ्यांनी दिलेली, उगाच गालबोट नको, एवढेच. पण ही सूचना सगळ्यांना मिळत नाही. नेत्याच्या वाढदिवसाला त्याच्यावर रचलेले गाणे दिवसभर चौकात दणदणते, तेव्हा कोणाला राजकारण आठवत नाही. पीकविम्यावर किंवा जातीवर कोणी दोन कडवी म्हटली की लगेच आठवते.

रॉक आणि पंक संगीताच्या जगात हा वाद निदान पन्नास वर्षे चालू आहे. कलावंताने गावे, राजकारण दुसऱ्यांवर सोडावे, असे एका बाजूचे म्हणणे. राजकारण काढून घेतले तर या गाण्यात उरते काय, असा दुसऱ्या बाजूचा सवाल. हा वाद समजून घ्यायला लंडन-न्यूयॉर्कपासून सुरुवात करण्याची गरज नाही. हिंगोली जिल्ह्यातल्या सेनगावापासून केली तरी चालते, कारण या मुलखात गाणे आणि सत्ता यांची गाठ फार जुनी आहे.

नर्सी ते औंढा

सेनगावापासून जवळच नर्सी आहे. नामदेवांचे (१२७०–१३५०) गाव म्हणून ते ओळखले जाते. याच जिल्ह्यातल्या औंढा नागनाथाची कथा इथल्या प्रत्येक पोराला ठाऊक असते. कीर्तन करणाऱ्या नामदेवांना पुजाऱ्यांनी देवळासमोरून उठवले. ते मागच्या बाजूला जाऊन गाऊ लागले आणि देऊळच त्यांच्याकडे फिरले. नंदी देवळाच्या मागे का, याचे उत्तर आजही भाविकांना हीच कथा सांगून दिले जाते.

कथेतला चमत्कार बाजूला ठेवला तरी तिच्यातले भांडण खरे आहे. शिंप्याच्या पोराने कुठे उभे राहून गायचे, हा त्या भांडणाचा मुद्दा होता. अभंगात काय म्हटले होते, ते कथा सांगतही नाही. गाणारा कोण, तो कुठे उभा आहे आणि समोर कोण बसले आहे, एवढ्यावरून त्याचे गाणे राजकीय ठरले.

पुढे निजामाच्या राज्यातही तेच झाले. मराठवाडा १७ सप्टेंबर १९४८पर्यंत हैदराबाद संस्थानात होता. तिथे गश्ती (परिपत्रक) क्रमांक ५३ने सभा-संमेलनांवर परवानगीचे लोढणे घातले होते. भाषणाला परवानगी लागे, म्हणून सांगायचे ते कीर्तनातून आणि गणेशोत्सवाच्या मेळ्यांतून सांगितले जाई. वरवर देवाचे गाणे, आत मुक्तीचा निरोप. लोकांना ते कळत होते आणि सरकारलाही कळत होते.

गण गेला, गवळण गेली

गाण्यातले राजकारण शब्दांच्याही आधी त्याच्या घडणीत असते. हे पाहायचे तर जलशाकडे वळावे लागते. तमाशाचा क्रम ठरलेला : आधी गणपतीला वंदन करणारा गण, मग कृष्ण आणि गोपींची गवळण, बतावणी, लावणी आणि शेवटी वग. महात्मा फुले यांनी २४ सप्टेंबर १८७३ रोजी सत्यशोधक समाज स्थापन केला. त्या चळवळीच्या जलसाकारांनी हाच साचा उचलला आणि आतला माल बदलला. गणातून गणपतीला रजा मिळाली, गवळणीतली छेडछाड गेली आणि वगात सावकार, भटजी, कुळकर्णी उभे राहिले.

आंबेडकरी जलसा त्याच्या पुढे गेला. १९३०च्या दशकात नाशिककडच्या भीमराव कर्डकांनी आणि त्यांच्यासारख्या अनेकांनी महाडचे पाणी, काळाराम मंदिराचा सत्याग्रह, पोरांचे शिक्षण आणि मेलेली ढोरे ओढण्याचे काम सोडणे हे विषय वगात आणले. आपल्या दहा सभा आणि कर्डकांचा एक जलसा सारखाच, असे बाबासाहेब म्हणाल्याचे सांगतात. माणसे सभेला येत तशीच जलशालाही येत. फरक एवढाच की जलशातले गाणे दुसऱ्या दिवशी शेतात, गिरणीत, जात्यावर चालू राही.

वाद्यांचेही तसेच. हलगी घ्या. कडीवर ताणलेले कातडे, एका हातात जाड टिपरू, दुसऱ्या हातात बारीक काडी. वाजवण्याआधी ती जाळावर शेकून घेतात, कातडे तापून ताठ झाले की तिचा आवाज खणखणीत निघतो. लग्नात, देवाच्या छबिन्यात, मयताच्या पुढे ती वाजवायची कोणी, हे गावाने जातीवरून ठरवून टाकले होते. वाजवणाऱ्याला बिदागी मिळे ती भाकरी-धान्याची, आणि वाजवून झाल्यावर जागा मिळे ती लांबची. तीच हलगी मोर्चापुढे वाजू लागली तेव्हा तिच्या तालात काही बदलले नव्हते. वाजवणाऱ्याने गावकीचे काम नाकारून ती स्वतःसाठी हातात घेतली होती, आणि राजकारण त्यात होते.

अण्णाभाऊ साठे, अमर शेख आणि द. ना. गव्हाणकर यांनी १९४४मध्ये लाल बावटा कलापथक उभे केले, तेव्हाही हेच घडले. अण्णाभाऊंच्या लोकनाट्यात गणपतीच्या जागी मातृभूमीला आणि श्रमणाऱ्यांना वंदन आले. स्वातंत्र्य मिळाल्यावर मुंबई सरकारने या पथकावर बंदी घातली. ज्याला सरकार नुसते मनोरंजन समजते, त्यावर बंदी घालण्याची तसदी ते घेत नाही.

१९७८ : लंडन आणि मराठवाडा

आता लंडनकडे पाहू. ऑगस्ट १९७६मध्ये बर्मिंगहॅमच्या मैफलीत गिटारवादक एरिक क्लॅप्टन यांनी स्थलांतरितांविरुद्ध गरळ ओकली. ज्या माणसाची कीर्ती काळ्या अमेरिकनांच्या ब्लूजवर उभी होती, त्यानेच हे बोलावे याचा संताप येऊन काही जणांनी संगीत साप्ताहिकांना पत्र लिहिले. त्यातून 'रॉक अगेन्स्ट रेसिझम' ही चळवळ जन्मली. ३० एप्रिल १९७८ रोजी ट्रॅफल्गार चौकातून निघालेले हजारो लोक चालत व्हिक्टोरिया पार्कात पोचले. तिथे 'द क्लॅश'सारखा पंक बँड आणि 'स्टील पल्स'सारखा काळ्या तरुणांचा रेगे बँड एकाच मंचावर वाजले. रस्त्यावर बळावत चाललेल्या वंशद्वेषी 'नॅशनल फ्रंट'ला हे उत्तर होते.

पुढच्या तीन महिन्यांत मराठवाड्यात काय झाले, ते इथल्या वाचकाला सांगायला नको. २७ जुलै १९७८ रोजी विधिमंडळाने मराठवाडा विद्यापीठाला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे नाव देण्याचा ठराव केला आणि गावोगाव दलित वस्त्या पेटल्या. नांदेड जिल्ह्यात पोचीराम कांबळे यांना जीव गमवावा लागला. ठरावाची अंमलबजावणी लांबणीवर पडली, लाँग मार्च निघाला, तुरुंग भरले. नामविस्तार झाला तो १४ जानेवारी १९९४ला. ही मधली साडेपंधरा वर्षे चळवळ जगवली ती सभा, मोर्चे आणि गाणी यांनी. वामनदादा कर्डकांसारखे कवी (१९२२–२००४) खेडोपाडी फिरत होते. वामनदादा मोठे झाल्यावर अक्षरे शिकले आणि हजारो गाणी लिहून गेले. देशाच्या संपत्तीतला आमचा वाटा कुठे आहे, असे ते उद्योगपतींची नावे घेऊन गाण्यातून विचारत. श्रोत्यांपैकी अनेकांना वाचता येत नव्हते, त्यांच्यासाठी हे गाणेच वर्तमानपत्र होते.

लंडनच्या पंक पोरांचा बाणा असा की वाजवायला उस्तादाची गरज नाही. एका छोट्या पत्रिकेने तीन कॉर्डच्या आकृत्या छापून वाचकांना सांगितले की आता बँड काढा. छत्रपती संभाजीनगरच्या कडूबाई खरात यांना तीनही लागत नाहीत. वडिलांकडून आलेली एकतारी, तिची एक तार आणि उघडा, रोखठोक आवाज एवढ्यावर त्या भीमगीत गातात. दारोदार गाऊन पोट भरणारी ही बाई मोबाइलमुळे महाराष्ट्रभर पोचली. एकतारी हे भजनाचे वाद्य. तिच्यावर बाबासाहेबांचे गाणे लावले की सप्ताहातला श्रोता आणि जयंतीतला श्रोता दोघेही थबकतात.

गुन्हा कोणत्या गाण्यावर?

गाणे राजकीय आहे की नाही, हे बहुतेक वेळा गायक ठरवत नाही. चेकोस्लोव्हाकियातल्या 'प्लास्टिक पीपल ऑफ द युनिव्हर्स' या रॉक बँडला सरकार उलथवायचे नव्हते. त्यांना त्यांच्या पद्धतीने वाजवायचे होते. १९७६मध्ये सरकारने त्यांना पकडून खटला चालवला. त्या खटल्याच्या संतापातून जानेवारी १९७७मध्ये 'चार्टर ७७' हा नागरी हक्कांचा जाहीरनामा निघाला. चिलीत ११ सप्टेंबर १९७३च्या लष्करी उठावानंतर काही दिवसांतच गायक व्हिक्टर हारा यांना एका स्टेडियममध्ये ठार मारले गेले. आज त्या स्टेडियमला त्यांचेच नाव आहे.

आपल्याकडची यादीही लहान नाही. २००२च्या गुजरात दंगलींनंतर पुण्यात कबीर कला मंच उभा राहिला. माओवाद्यांशी संबंध असल्याच्या आरोपावरून २०११मध्ये त्याच्या कलावंतांवर गुन्हे दाखल झाले. २ एप्रिल २०१३ रोजी शीतल साठे आणि सचिन माळी विधानभवनासमोर येऊन हजर झाले. शीतल तेव्हा गरोदर होत्या. ही शरणागती नाही, सत्याग्रह आहे, अशी त्यांची भूमिका होती. सप्टेंबर २०२०मध्ये मंचाचे सागर गोरखे, रमेश गायचोर आणि ज्योती जगताप यांना एल्गार परिषद प्रकरणात अटक झाली.

एप्रिल २०२३मध्ये छत्रपती संभाजीनगरचा रॅपर राज मुंगासे याच्यावर अंबरनाथला गुन्हा नोंदवला गेला. त्याच्या रॅपमध्ये खोक्यांचा उल्लेख होता, कोणत्या नेत्याचे नाव नव्हते. तरीही हे आपल्याबद्दलच आहे, हे ज्यांना कळायचे त्यांना कळले. हिंगोली जिल्ह्यातल्या वाचकाला खोके म्हणजे काय, ते समजावण्याची गरज नाही. या रॅपची चाल अमेरिकेतल्या काळ्या वस्त्यांमधून आलेली असली, तरी त्याचे काम जलशातल्या बतावणीचेच आहे : मोठ्या माणसाचे नाव न घेता त्याची टोपी उडवायची.

या सगळ्याहून भीषण गोष्ट शिर्डीची. मे २०१५मध्ये लग्नासाठी तिथे आलेल्या एका दलित तरुणाचा मोबाइल वाजला. रिंगटोन आंबेडकरी गाण्याची होती. ती बंद कर म्हणून काही जण अंगावर आले आणि त्यांनी त्याचा खून केला. तो गायक नव्हता, कार्यकर्ता म्हणून भाषण करत नव्हता. नर्सिंग शिकणारा एक मुलगा. खिशातल्या फोनवरचे गाणेही जिथे जीव घेते, तिथे 'गाण्यात राजकारण आणू नका' हा सल्ला नेमका कोणाला द्यायचा?

भाड्याची गाणी

राजकीय गाण्याच्या बाजूने लिहिताना एक आक्षेप प्रामाणिकपणे विचारात घ्यायला हवा. सगळी राजकीय गाणी चांगली नसतात, आणि प्रचाराने चांगल्या गाण्याचाही चोथा होतो. निवडणुकीत भोंगे लावलेल्या रिक्षा फिरतात. लोकप्रिय चालीवर उमेदवाराचे नाव बसवलेले असते. सकाळी एका पक्षासाठी गायलेला आवाज संध्याकाळी दुसऱ्याच्या रिक्षातून ऐकू येतो. जयंतीच्या मिरवणुकीतही वामनदादांचे शब्द डीजेच्या धडधडीत बुडून जातात, नाचणाऱ्याला ताल कळतो, अर्थ कळत नाही. इंग्लंडमध्येही बंडखोर पंकचा पुढे टी-शर्टांचा धंदा झाला.

तक्रार खरी आहे. मात्र तिचे औषध राजकारण काढून टाकणे हे नव्हे. भाड्याच्या गाण्याचा दोष हा की त्याचे राजकारण त्याचे स्वतःचे नसते. विलास घोगरे यांच्याकडे पाहिले की हा फरक कळतो. ते डाव्या चळवळीचे शाहीर. ११ जुलै १९९७ रोजी मुंबईच्या रमाबाई नगरात बाबासाहेबांच्या पुतळ्याच्या विटंबनेनंतर जमलेल्या लोकांवर राज्य राखीव दलाने गोळीबार केला आणि दहा माणसे गेली. चार दिवसांनी घोगरे यांनी मुलुंडच्या आपल्या झोपडीत गळफास घेतला. आयुष्यभर लाल झेंड्याखाली गायलेल्या या माणसाने जाताना कपाळाला निळे फडके बांधले होते. आनंद पटवर्धन यांचा 'जय भीम कॉम्रेड' हा माहितीपट त्यांच्यापासूनच सुरू होतो.

वह्या शोधा

संगीत आणि राजकारण वेगळे करता येते, असे म्हणणाऱ्याला आपण कोणत्या बाजूला बसलो आहोत हे पाहावे लागेल. ज्याच्या घरावर नामांतराच्या काळात दगड पडले नाहीत, ज्याच्या फोनच्या रिंगटोनवर कोणी हरकत घेतली नाही, त्याला शुद्ध संगीत परवडते. बाकीच्यांना परवडत नाही. माझे मत स्पष्ट आहे : गायकाला राजकारण सोडायला सांगणे म्हणजे चालू आहे ते राजकारण तसेच चालू द्यायला सांगणे.

सेनगाव, हिंगोली, कळमनुरी, वसमत आणि औंढा या पाच तालुक्यांतल्या वाचकांना एक विनंती. नामांतराच्या काळात गाणारी, जलशात काम करणारी, मेळ्यांतून फिरणारी माणसे आता थकली आहेत. त्यांच्या गाण्यांच्या वह्या ट्रंकेत, माळ्यावर पडून आहेत. घरात असे कोणी असेल तर या दिवाळीच्या सुट्टीत त्यांच्यापाशी बसा, मोबाइलवर गाणे रेकॉर्ड करा, ते कधी, कुठे आणि कोणापुढे गायले होते ते विचारून लिहून ठेवा. वही रद्दीत जाऊ देऊ नका.